मिस्त्रींच्या हातांची राखण

कामाच्या दिवसातला निम्मा वेळ ती एक काळी वायर हातात धरून उभी असते. वायर अंगठ्याएवढी जाड, टोकाला शिशाचं कडं. गाडीच्या बॅटरीवरून काढलेली. नवऱ्याचे हात इंजिनात असेपर्यंत ते कडं पुन्हा बॅटरीला टेकू द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. बघणाऱ्याला वाटतं, बाई उगाच उभ्या आहेत. एका गिऱ्हाइकाने एकदा विचारलं, "वहिनी, रिकाम्याच आहात तर जरा पाणी देता का प्यायला?" इंजिनात वाकलेले मिस्त्री मान वर न करता म्हणाले, "ती रिकामी झाली तर मी कायमचा रिकामा होईन. नळ तिकडे आहे."

जुन्या गाड्यांमध्ये रेडिएटरला चिकटून विजेवर चालणारा फॅन असतो. पाणी तापलं की तो आपोआप लागतो. आपोआप म्हणजे खरोखरच आपोआप. काही गाड्यांत इंजिन बंद करून किल्ली खिशात टाकल्यावरही पाच मिनिटांनी लागतो. शेजारच्या शेडमधला पत्रेवाला, म्हणजे ठोकून ठोकून दारं सरळ करणारा, याच फॅनमध्ये मधल्या बोटाचं पेर घालवून बसला आहे. "आमचा पाढा साडेनवाचा," असं तो कुणालाही न विचारता सांगतो. त्याला निदान पातं हललेलं दिसलं होतं, म्हणून पेरावर निभावलं. मिस्त्रींना दिसत नाही.

साखरेने चार वर्षांत त्यांचा आधी उजवा डोळा नेला, मग डावा. आता उजेड कुठल्या बाजूला आहे, तेवढं डाव्याने कळतं. डोळ्यांबद्दल सांगण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्या हातांकडे बोट दाखवलं. "आता हे जपा. या साखरेत भाजलं, कापलं तर जखम लवकर भरत नाही. चिघळली तर बोट काढावं लागतं."

"सगळी एकदम नका काढू," मिस्त्री म्हणाले होते. "नाक खाजवायला एखादं ठेवा."

डॉक्टर हसले. ती हसली नाही. मिस्त्रींना गाडी दिसते ती हातांनी, हे तिला त्या खोलीत सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. बोल्ट किती नंबरचा ते बोट फिरवून सांगतात. वायरीवरचं आवरण नखाने दाबून ती किती वर्षांची ते ओळखतात. गेले ते हात, तर शेडच्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेला एक माणूस उरेल, आणि तो माणूस कसा असेल याची कल्पनाही तिला करवत नाही. भीती तेव्हा घरात आली ती आलीच.

लग्नानंतर ती औषधांच्या बाटल्यांच्या कारखान्यात होती. पांढऱ्या दिव्यासमोरून बाटल्या सरकत जायच्या आणि तडा गेलेली तेवढी उचलून बाजूला ठेवायची. मिस्त्रींना दिसेनासं झालं तेव्हा तिने ती नोकरी सोडली आणि शेडमध्ये येऊन उभी राहिली. दोघांनी मिळून एक पद्धत बसवली. पाण्याच्या तापमानाचा काटा असतो, त्याच्या तबकडीचे तिने मनाने दहा भाग केले. त्यांना ती घरं म्हणते. पहिलं घर म्हणजे थंड, दहावं म्हणजे लाल पट्टा. इंजिन चालू ठेवून तपासणी असली की ती चालकाच्या जागी बसून आकडे मोठ्याने सांगते. मिस्त्री उजव्या हाताची बोटं रेडिएटरच्या वरच्या पाइपावर टेकवून उभे राहतात. डावा हात पाठीमागे, पट्ट्यात अडकवलेला. तो पुढे आणायचा नाही. वायर काढली की तिने "सुटली" म्हणायचं, जोडण्याआधी "लावतेय" म्हणायचं. काटा तिसऱ्या घरात किंवा खाली असेल आणि वायर सुटलेली असेल, तरच रेडिएटरचं झाकण उघडायचं. बाकीचे लोक झाकण उघडून आत डोकावतात. मिस्त्री आत बोट घालतात.

पाच वर्षं हे बिनबोभाट चाललं. भांडण झालं ते मागच्या आठवड्यात.

तसं तिला ओरडायची सवय आहेच. पत्रेवाल्याने तिचं नाव 'सायरन' ठेवलंय. पण मागच्या आठवड्यात ती तीनदा ओरडली आणि तिन्ही वेळा काहीच नव्हतं. एकदा पात्यावर सावली हलली. एकदा पक्कड पडली. तिसऱ्या वेळी कशाने ते तिलाही सांगता येईना. मिस्त्री दचकून उठले, डोकं बॉनेटवर आपटलं, आणि समोर गिऱ्हाईक.

"अगं, काय झालं?"

"काही नाही. मला वाटलं..."

"तुला वाटतंच असतं. तुझ्या वाटण्याने मी एक दिवस आडवा होईन, फॅनने नाही." कपाळ चोळत ते म्हणाले, "आता ऐक. यापुढे आकडा आणि वायर. त्यापलीकडे एक अक्षर नको. जमत नसेल तर घरी बस. मी पत्रेवाल्याला उभं करतो."

पत्रेवाल्याने पलीकडून आवाज दिला, "मी तयार आहे! फक्त मला मधेमधे चहाला जावं लागतं."

मिस्त्री हसले. तिच्या डोळ्यांसमोर चहाला गेलेला पत्रेवाला आणि बॅटरीला टेकलेलं कडं उभं राहिलं. तिने तोंड शिवून टाकलं. आठ दिवस तिने आकडा आणि वायर याशिवाय शब्द काढला नाही.

नवव्या दिवशी शिकवणीच्या बाई गाडी घेऊन आल्या. बाई साठीच्या, आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. गाडी त्यांच्या सगळ्यात जुन्या विद्यार्थ्यापेक्षाही जुनी. तक्रार अशी की काटा मधेच वर चढतो, फॅन कधी लागतो, कधी लागत नाही. तीन ठिकाणी दाखवून झालं. एकाने फॅन बदलला, एकाने फॅन सुरू करणारा स्विच. तिसऱ्याने पाणी भरून "आता बघा" म्हणून सोडून दिलं.

"चार दिवस शहाण्यासारखी वागते," बाई म्हणाल्या, "मग पुन्हा तेच. माझ्या वर्गात असती तर मी पालकांना बोलावलं असतं."

"पालक आम्हीच आता," मिस्त्री म्हणाले. "बसा तिथे. अगं, पाणी बघ."

गाडी आठ-दहा किलोमीटर चालून आलेली, म्हणजे झाकण उघडायचा प्रश्नच नव्हता. बाजूला पांढरी प्लास्टिकची बाटली असते, रेडिएटरमधलं जास्तीचं पाणी तिच्यात येतं आणि गार झालं की परत जातं. तिने वाकून पाहिलं. "बाटलीत खुणेपर्यंत आहे."

मिस्त्रींनी स्विचच्या दोन वायरी काढून एकमेकींना जोडायला सांगितल्या. फॅन घरघरत लागला. म्हणजे फॅन, फ्यूज, वायरी ठीक. मग काट्याच्या सेन्सरची वायर काढून इंजिनाच्या लोखंडाला टेकवली. काटा सरळ दहाव्या घरात गेला. म्हणजे तबकडी ठीक. सगळं ठीक आणि तरी गाडी आजारी.

"चालू ठेवूनच बघायला लागेल," ते म्हणाले.

हे तिचं सगळ्यात नावडतं काम. चालकाच्या जागेवरून वर उचललेल्या बॉनेटच्या फटीतून मिस्त्रींच्या शर्टाची दोन बटणं आणि उजवं मनगट दिसतं. बाकीचा माणूस दिसत नाही. मनगटापासून पाती वीतभर अंतरावर. आणि इंजिन चालू असताना वायर काढून हातात धरता येत नाही. तिने नजर काट्यावर रोवली. बाजूला बाई उभ्या होत्या.

"चार," ती म्हणाली. "साडेचार. पाच."

"पाइप कोमट आहे," मिस्त्री म्हणाले.

"सहा. साडेसहा."

साडेसहाला फॅन लागायला हवा होता. लागला नाही. मनगट जागेवरून हललं नाही. सात. साडेसात. फॅन आता लागेल, या क्षणी लागेल, आणि त्याच क्षणी त्यांना खोकला आला तर? आठ. साडेआठ. तिने बंद करायला किल्लीवर बोटं ठेवली.

आणि काटा खाली आला. साडेआठवरून पाच. पाचवरून तीन. तिला मधले आकडे उच्चारायलाही वेळ मिळाला नाही.

"तीन," ती म्हणाली.

"तीन?" मनगट किंचित उचललं गेलं. "फॅन न लागताच?"

"तीन."

"हं. पाइपही कोमटच आहे माझ्या हाताला. म्हणजे पाणी फिरत नाहीये नीट. बंद कर. वायर काढ. झाकण उघडून बघू."

तिने इंजिन बंद केलं, उतरली, पान्याने कडं सैल करून वायर ओढून काढली. "सुटली."

काटा तीन. वायर सुटलेली. बाटलीत पाणी खुणेपर्यंत. त्यांच्या पद्धतीत मागे काही राहिलं नव्हतं. मिस्त्रींनी खांद्यावरचा फडका झाकणावर ठेवला आणि डावा हात पट्ट्यातून सोडवला.

पण तिला ते पटलं नाही. कारखान्यात एखादी बाटली दिव्यासमोरून गेली की हात आधी पुढे जायचा आणि तडा मग दिसायचा. तसंच काहीतरी. काटा उतरताना तिने हजार वेळा पाहिला होता. तो घराघरावर थांबत उतरतो, थकल्या माणसासारखा. हा उतरला नव्हता. पडला होता. याचा अर्थ तिला माहीत नव्हता. सांगण्यासारखा आकडा तिच्याकडे नव्हता. आणि बोलली तर उद्या या जागी पत्रेवाला उभा राहणार होता.

फडक्याखाली मिस्त्रींचा अंगठा झाकणाची कड शोधत होता.

तिने वायर सोडून दिली. पाच वर्षांत पहिल्यांदा. दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं आणि मागे ओढलं.

"काय करतेस!" मिस्त्री ओरडले. इंजिनात असलेल्या हाताला कुणी हात लावायचा नाही, हा तर त्यांच्या सगळ्या नियमांचा बाप होता. "वेडी झालीस का? वायर कुठे आहे?"

"खाली आहे. झाकण उघडू नका."

"किती होता काटा?"

"तीन."

"मग?"

"पडला तो. उतरला नाही. पडला."

"पडला काय, उतरला काय, तीन ते तीन!" त्यांनी मनगट सोडवून घेतलं. "आणि पाइप काय खोटं बोलतोय? हा बघ. कोमट." त्यांनी चारही बोटांची टोकं वरच्या पाइपावर दाबून दाखवली, आणि तशीच ठेवली.

तिने त्यांच्या बोटांशेजारी आपला हात टेकवला आणि चटका बसून झटकन मागे घेतला. पाइप इतका तापला होता, की त्यावर हात ठेवून एक आकडाही म्हणता आला नसता. मिस्त्रींची बोटं अजून त्यावरच होती.

"अहो," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "हात काढा. आधी हात काढा."

तो आवाज ऐकून त्यांनी काढला. तिने तो उलटा करून पाहिला. चार बोटांच्या टोकांवर कातडी लाल होऊन चकाकत होती. फोड अजून आले नव्हते.

"हे दुखत नाहीये तुम्हाला?"

बंद इंजिनाच्या पोटातून तेवढ्यात एक आवाज आला, खोल, भरलेल्या पातेल्यावर झाकण हलावं तसा. गुडगुड थांबली, पुन्हा सुरू झाली. बंद गाडीत पाणी उकळत होतं. झाकण अर्धं जरी फिरलं असतं, तर ती वाफ कुठे गेली असती, हे सांगायला मिस्त्रींना कुणाची गरज नव्हती. त्यांनी एक पाऊल मागे टाकलं, मग दुसरं. टूलबॉक्सला पाय लागला तशी त्याच्यावर बसले.

"किती दिवस?" तिने विचारलं.

"काय किती दिवस?"

"बोटं."

शिकवणीच्या बाई नळावर जाऊन तांब्याभर गार पाणी घेऊन आल्या. न विचारता मिस्त्रींचा हात त्यात बुडवला आणि बाहेर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"पाचेक महिने," मिस्त्री म्हणाले. "टोकं फक्त. आधी मुंग्या यायच्या. आता त्याही येत नाहीत. बोल्ट कळतो अजून. गरम-गार तेवढं कळेना झालं."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"सांगून काय केलं असतंस? शटर पाडलं असतंस."

ते खरं होतं. तिने तेच केलं असतं. आठ दिवसांपूर्वीचं भांडण तिला आता वेगळंच दिसू लागलं. आकडा आणि वायर, बाकी एक अक्षर नको. माणसाला स्वतःच्या हाताचं खरं वाटेनासं झालं होतं, म्हणून तो आकड्यांना धरून बसला होता. आणि आज आकडाही फिरला. ती भ्यायलेली असायची तेव्हा ते थट्टा करायचे, त्या आधारावर तिचे दिवस निघत होते. आत्ता ते थट्टा करत नव्हते. तांब्यातल्या पाण्यात ते भाजलेली बोटं अंगठ्याने पुन्हा पुन्हा चाचपत होते. या शेडमध्ये न घाबरणारं आता कुणीच उरलं नाही, एवढं तिला लख्ख कळलं.

तासभर कुणी गाडीला शिवलं नाही. तास झाल्यावर तिने आधी सेन्सरजवळचं लोखंड हाताने चाचपलं, मग पाइप, मग झाकणाची कड. पडलेली वायर उचलून बॅटरीपासून दूर बांधून टाकली.

"मी उघडू?" मिस्त्रींनी विचारलं. विचारलं म्हणूनच तिला कळलं, की त्यांना उघडायचं नाहीये.

"तुम्ही सांगा. मी उघडते."

"मोठा फडका घे. चौपदरी. तोंड बाजूला. पाव फिरव आणि थांब. आवाज आला तर हात तिथेच ठेव, संपेपर्यंत पुढे जायचं नाही." ते उठून उभे राहिले होते. "आला आवाज?"

"थोडा. गेला."

"अजून थांब. थांब म्हटलं ना!"

"थांबलेय हो."

झाकण निघालं. तिने आत पाहिलं. पाणी दिसलं नाही. ओली, गंजकी जाळी सुकायला लागली होती.

"रिकामा आहे," ती म्हणाली. "बाटली भरलेली आणि हा रिकामा."

मिस्त्रींनी डोळे मिटले. त्याचा त्यांना काही उपयोग नव्हता, पण विचार करताना ते मिटायचे. "म्हणजे कुठेतरी बारीक गळती आहे. गार होताना गाडी बाटलीतलं पाणी ओढत नाही, गळतीतून हवा ओढते. म्हणून बाटली भरलेली दिसते. पाणी खाली गेलं की स्विच हवेत, त्याला तापलेलं कळत नाही, म्हणून फॅन नाही. मग सेन्सरही हवेत, म्हणून काटा..."

"पडला."

"पडला," ते म्हणाले. हा शब्द त्यांनी पहिल्यांदा तिचा तिला परत दिला. "बाई, गाडीखाली पाणी सांडलेलं दिसतं का कधी?"

"कधीच नाही," बाई आत येत म्हणाल्या. "पण पुढची काच आतून चिकट होते. मी रोज पुसते. मला वाटलं, वय झालं."

"कुणाचं?"

"गाडीचंच हो!"

मिस्त्री सांगत गेले, ती बघत गेली. इंजिनाच्या मागे, जिथे हात जेमतेम जातो, तिथे हीटरकडे जाणाऱ्या रबरी पाइपाला केसाएवढी चीर होती. भोवती पांढरा क्षार साचलेला. गळणारं कूलंटचं पाणी खालच्या तापलेल्या सायलेन्सर पाइपावर पडून वाळून जायचं, म्हणून जमीन कोरडी; त्याची वाफ हवेच्या जाळीतून आत शिरायची, म्हणून काच चिकट. पूर्वी मिस्त्रींची बोटं तिथे आधी पोचली असती. नवीन पाइप तिनेच चढवला. पट्टी आवळताना ते मागून म्हणाले, "अजून अर्धा पेच. बास. जास्त नको."

मग पुन्हा तीच तपासणी. पाणी भरलं, हवा काढली, वायर जोडली. पण पाइपावर हात तिचा म्हटल्यावर काटा कोण सांगणार? बाई स्वतःच चालकाच्या जागी जाऊन बसल्या. तिने त्यांना दहा घरं समजावून सांगितली.

"नुसतं किती ते नको," मिस्त्री म्हणाले. "कसा चढतोय तेही सांगा."

"चार!" बाई वर्गाला सांगावं तशा ओरडल्या. "सावकाश! पाच, सावकाश!"

तिने पदर कमरेला खोचला, डावा हात पाठीमागे घेतला आणि उजवा पाइपावर टेकवला. तापल्यावर उचलायचा, पुन्हा टेकवायचा. पाती तिच्या मनगटापासून वीतभर दूर, स्तब्ध. मिस्त्री तिच्या मागे उभे होते. तिचा डावा दंड त्यांनी धरून ठेवला होता, भाजल्या बोटांनी, आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं, हेच तिला सहन होत नव्हतं.

"हात वर ठेव," ते म्हणाले. "आता लागेल."

"वरच आहे."

"आणखी वर. केस बांधलेस?"

"बांधलेत."

"सहा! सावकाश!"

दंडावरची पकड घट्ट झाली. पलीकडे पत्रेवाल्याची ठोकाठोक थांबली होती. खट्ट आवाज झाला आणि फॅन लागला. दोघंही एकदम मागे उडाले, ती त्यांच्यावर आदळली, ते टूलबॉक्सवर. गरम वारा अंगावर येत राहिला.

"आहे ना हात?" मिस्त्री खालूनच म्हणाले. "अगं, बोल ना! आहे ना?"

"आहे," ती म्हणाली. पण त्यांनी तिचा हात ओढून घेतला आणि तळव्याने, टोकांनी नाही, एकेक बोट चाचपून पाहिलं. आत बाई अजून सांगतच होत्या, "साडेसहा... सहा... साडेपाच, सावकाश..."